मधल्या दिवसांतलं पाणी

रूबेन झिराडकर हे नाव जव्हारात कुणी कधी धड घेतलं नाही. शाळेत मास्तरांनी हजेरीत 'रुबेण' लिहिलं, पाड्यांवर त्याचं 'रुबन' झालं, आणि हातपंपांच्या कामाला लागल्यावर तेही गळालं. गेली पस्तीस-चाळीस वर्षं तो नुसता मिस्त्री. मोखाड्याच्या बाजारात कुणालाही विचारा, "मिस्त्री कुठं भेटेल?" तर समोरचा 'कोणता' म्हणून विचारायचा नाही.

त्याचे वडील एलियाबाबा अलिबागकडच्या झिराडचे. तांदळाच्या गिरणीचं ऑइल इंजिन सांभाळायला म्हणून तीन वर्षांसाठी जव्हारला आले आणि इथंच म्हातारे झाले. गावात बेने इस्राएलांचं, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांचं, घर एवढं एकच. शेजाऱ्यापाजाऱ्यांना यहुदी म्हणजे काय ते नीट कळत नसे. कुणी त्यांना ख्रिश्चन समजे, कुणी मुसलमान. एलियाबाबा दोघांनाही हसून चहा पाजत आणि शुक्रवारी दिवस मावळला की दुकानदाराच्या हिशेबाला, मालकाच्या हाकेला, कशालाच दाद देत नसत. शनिवार पाळायचा म्हणजे पाळायचा.

तसाच चैत्रातला पेसाहचा सण. आठ दिवसांचा. पहिले दोन आणि शेवटचे दोन दिवस पुरते सणाचे. मधले चार मात्र ना धड सणाचे, ना धड कामाचे. हिब्रूत त्यांना होल हामोएद म्हणतात. एलियाबाबा म्हणत 'मधले दिवस'. त्या चार दिवसांत ते इंजिनाचे पाने फडक्यात गुंडाळून खुंटीला टांगत आणि मुलाला सांगत, "मधल्या दिवसांत हत्याराला हात नाही, वस्तऱ्याला हात नाही, धुण्याला हात नाही, दौतीला हात नाही. बाप ठेवून गेलाय ते आपण ठेवायचं." गिरणीमालक आधी कुरकुरला, मग सवयीचा झाला. तसंही चैत्रापर्यंत लोकांचं भात भरडून झालेलं असे. इंजिन चार दिवस थंड राहिलं म्हणून कुणाची चूल थंड राहत नसे.

रूबेन काही वर्षं ठाण्याला एका कारखान्यात फिटर होता. तिथंच मिल्काशी त्याचं लग्न झालं. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा तो बायकोला घेऊन परत आला तो कायमचा. त्याच सुमारास पाड्यापाड्यांवर बोअर मारून हातपंप बसत होते. बसवणारे बसवून जात. बिघडल्यावर बघणारं कुणी नव्हतं. रूबेनने मोटरसायकल घेतली, मागे लोखंडी पेटी बांधली आणि सुरू झाला. नुसता दांड्याचा आवाज ऐकून तो आतलं दुखणं सांगे. "वायसर गेलाय," म्हणे, नाहीतर "वरचा पाइप सडलाय." लोक म्हणत, मिस्त्री पंपाची नाडी बघतो.

त्याच्या बरोबरीचे सगळे नातलग एकामागून एक इस्राएलला गेले. मुलगी नाओमीही लग्न होऊन अश्दोदला गेली. दर आठवड्याला तिचा व्हिडिओ कॉल येई, "आता तरी या." रूबेन हसून म्हणे, "तिथं हातपंप कुठंयत? मी काय करू?" पण खरं कारण ते नव्हतं. इथं तो कुणीतरी होता. दहा हजारांत एक होता. आपला सण, आपला शनिवार, आपले मधले दिवस, हे सगळं एकट्याच्या बळावर त्याने धरून ठेवलं होतं आणि लोकांना त्याचं अप्रूप होतं. एकदा मधल्या दिवसांत एका हॉटेलवाल्याची मोटर जळाली. पर्यटकांनी हॉटेल भरलेलं. माणूस दुप्पट मजुरी घेऊन दारात उभा. रूबेनने त्याला पाणी विचारलं, खुर्ची दिली आणि नाही म्हणून सांगितलं. ती गोष्ट बाजारभर झाली. "मिस्त्रीची बोली ती बोली," लोक म्हणाले. रूबेनने कुणाजवळ बोलून दाखवलं नाही, पण ते त्याला गुळासारखं गोड लागलं.

सूर्यमाळच्या वर, डोंगराच्या पदराला, पंचवीस-तीस उंबऱ्यांचा एक पाडा आहे. तिथला भिका हा रूबेनचा जुना माणूस. पाड्यावर पहिला पंप बसला तेव्हा पाइप ओढायला पुढं झालेला तो भिकाच. त्याची बायको हौशी बोलायला फटकळ, हाताने सढळ. एकदा सणाच्या तोंडावर रूबेन मिल्काला घेऊन पाड्यावर गेला होता, तेव्हा मिल्काने हौशीला सहज सांगितलं, की पेसाहमध्ये आमच्यात आंबवलेलं चालत नाही. भाकरी तांदळाची, आणि त्या तांदळात गव्हाचा दाणा चुकूनही येता कामा नये, म्हणून तांदूळ तीनदा निवडायचे. हौशीने ऐकून घेतलं. पुढच्या चैत्रात भिका जीपने जव्हारला आला तो नव्या फडक्यात बांधलेले पायलीभर तांदूळ घेऊन. "तिने निवडलंय. तीन टायमाला," तो म्हणाला. तेव्हापासून वीस वर्षं, पुनवेच्या आधी, ते गाठोडं चुकलं नाही.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षीही आलं होतं. सण शुक्रवारी संध्याकाळी लागला. शनिवार-रविवार मिल्का आणि रूबेन दोघांनीच सण केला. दोघांनीच हागादा, म्हणजे सणाची पोथी, वाचली, मुलांनी विचारायचे प्रश्न म्हाताऱ्याने म्हातारीला विचारले. सोमवारपासून मधले दिवस लागले.

सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला भिका दारात उभा राहिला. पायात धूळ, डोक्याला टॉवेल.

"मिस्त्री, पाड्याची बोरिंग बंद पडली."

"कधी?"

"शनवारी. दांडा हालतो बघ, हलका लागतो, पन पानी नाय. सरकारी गाडीला सांगलंय. ते बोलं आठ दिस लागतील, गाडी दुसऱ्या अंगाला गेलीय."

दांडा हलका लागतो म्हटल्यावर रूबेनला जागच्या जागी कळलं. साखळी तुटली असणार. वरची टोपी खोलायची, जुनी साखळी काढायची, नवी चढवायची. तासाभराचं काम. नवी साखळी पेटीत तेलात बुडवून ठेवलेली होती.

"विहीर?" त्याने विचारलं.

"विहिरीत काय हाय? चिखूल. बायका खाली झऱ्यावं जातात. हौशी पन जाते. उतरायला अर्धा तास, चढायला एक. वाट तुला ठावी हाय."

वाट रूबेनला माहीत होती. शेवटी शेवटी ती वाट राहतच नाही, नुसता खडक असतो, आणि बायकांच्या पायांनी तो गुळगुळीत झालेला असतो.

त्याने भिकाला खुर्ची दिली. मग म्हणाला, "भिकाभाऊ, माझे मधले दिवस चालू आहेत. गुरुवारपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. शुक्रवार-शनिवार पुन्हा सण. रविवारी उजाडता उजाडता तुझ्या पाड्यावर येतो. शब्द आहे."

भिकाने मान हलवली. त्याने हुज्जत घातली असती तर, असं रूबेनला पुढं कितीदा वाटलं. एकदा जरी म्हणाला असता, 'अरे पन पानी हाय, मिस्त्री!' पण भिका हुज्जत घालणारातला नव्हता. उलट त्यालाच समजून घेत म्हणाला, "पाळनूक हाय तर पाळाया पायजे. आमी पन नव्याचा सन झाल्याबिगर नवी तवशी काकडी तोंडात घालत नाय. पोरं रडली तरी नाय देत." चहा प्याला, आणि आला तसा परत जीपला गेला.

तो गेल्यावर मिल्का ओट्यापाशी उभी राहून म्हणाली, "हन्नोखकाकांना एक फोन तरी करायचास."

हन्नोखकाका म्हणजे ठाण्याच्या यहुदी देवळातले जुने हाझान. तेफिला, म्हणजे प्रार्थना, चालवणारे, नियम सांगणारे. रूबेनच्या मोबाइलमध्ये त्यांचा नंबर होता. दर सणाला तो त्यांना फोन करी.

"त्यात विचारायचं काय?" रूबेन म्हणाला. "बाबा काय सांगून गेले ते मला ठाऊक नाही?"

"विचारायला काय जातं?"

"हॉटेलवाल्याला नाही म्हटलं ना? मग आता ओळखीचा आहे म्हणून हो म्हणू? लोक काय म्हणतील, मिस्त्रीचा नियम माणूस बघून वाकतो?"

मिल्काने भांडी विसळायला घेतली.

मंगळवारी त्यांच्याच मोरीतला नळ गळायला लागला. टप-टप-टप. दुपारभर रूबेनने ऐकलं, मग उठला, फडक्याने नळ घट्ट धरून पिळला, आतला रबर उलटा करून बसवला आणि गळती थांबली. मिल्काने नुसतं बघितलं. "सणाचा स्वयंपाक करायचाय, एवढ्यापुरतं चालतं," तो तिने न विचारताच म्हणाला. आणि ते खोटंही नव्हतं. तेवढं चालतं. पण चालतं हे त्याला स्वतःच्या नळापाशी आठवलं.

बुधवार गेला, गुरुवार गेला. शुक्रवार-शनिवार सणाचे शेवटचे दिवस झाले. पाड्यावर मोबाइलला रेंज नाही, त्यामुळे वरून काही कळायचा प्रश्नच नव्हता. शनिवारी तारे दिसून सण सुटल्यावर त्याने पेटी काढली, पाने पुसले, साखळी तपासली. आठ दिवसांच्या दाढीचे खुंट आरशात पाहून त्याला बरंही वाटलं. आणखी एक वर्ष निभावलं.

रविवारी आठच्या आधीच तो पाड्यावर पोचला. पंपाभोवती पाच-सहा बायका रिकामे हंडे घेऊन उभ्या होत्या. एरवी मोटरसायकलचा आवाज आला की पोरं धावत यायची, बायका लांबूनच ओरडायच्या, "आला गं आला!" त्या दिवशी कुणी ओरडलं नाही. भिकाची सून सुनिता तेवढी पुढं आली आणि तिने पेटी उतरवायला हात लावला.

साखळीच तुटली होती. त्याने टोपी खोलली, दांडा उचलून धरायला सुनिताला सांगितलं, जुनी साखळी काढली, नवी चढवली, बोल्ट आवळले, ग्रीस भरलं. पाऊण तास लागला असेल. दांडा आठ-दहा वेळा मारल्यावर आधी हवा आली, मग लालसर पाणी, मग स्वच्छ. पहिला हंडा भरून घेणाऱ्या बाईने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"हौशीवहिनी दिसत नाहीत," रूबेन हात पुसत म्हणाला.

सुनिता म्हणाली, "आत्याला नाशिकला नेलीय."

"का?"

"झऱ्यावं पडली. दोन हंडं व्हतं डोक्यावं. खडकावरून पाय सुटला. मांडीचं हाड मोडलं, वर खुब्यापाशी. झोळी करून रस्त्याला आनली, मंग गाडी."

"कधी?"

"बुधवारी. सकाळला."

रूबेन पंपाच्या चौथऱ्यावर बसला. बुधवारी सकाळी तो काय करत होता? त्याला स्पष्ट आठवलं. अंगणात खुर्ची टाकून बसला होता. काही करायचं नव्हतं म्हणून बसला होता.

दुसऱ्या दिवशी तो नाशिकला गेला. दवाखान्याच्या पायरीवर भिका बिडी न पेटवता नुसती बोटांत फिरवत बसला होता. त्याने रूबेनला पाहिलं, बाजूला सरकून जागा केली.

"भिकाभाऊ..."

"काय करशील. पाय घसराया टाइम नाय लागत." एवढंच तो बोलला. एक शब्द दोषाचा नाही.

वॉर्डात हौशी पाठीवर पडून होती. पायाला वजन लावलेलं. एवढीशी झाली होती. तिने मान वळवून त्याला ओळखलं आणि विचारलं, "ठान्यावरून कवा आलास, मिस्त्री?"

रूबेनला कळेना. तो ठाण्याला गेलाच नव्हता. त्याने भिकाकडे पाहिलं. भिका खिडकीकडे बघत होता. मग हळूहळू त्याच्या ध्यानात आलं. सोमवारी रिकाम्या हाताने परत गेलेल्या भिकाने घरी सांगितलं होतं, मिस्त्री घरी नव्हता, सणाला ठाण्याला गेलाय. बायकोच्या तोंडून मिस्त्रीला वेडंवाकडं यायला नको म्हणून.

एवढ्यावर रूबेनने खरं सांगायला हवं होतं. तो म्हणाला, "शनिवारी. शनिवारी आलो, वहिनी."

"तरी बोललं मी," हौशी म्हणाली, "तू असतास तं आला असतास."

तिच्या पायात सळई घातली. महिन्याने ती घरी आली, पण एक पाय आखूड झाला. त्या पावसात भाताच्या आवणीला ती शेतात उतरली नाही. आख्ख्या पाड्यात तिच्या हाताला तोड नव्हती. चिखलात ती पुढं असली की बाकीच्या बायकांना तिला गाठताना धाप लागे. आता ती बांधावर घोंगडं पांघरून बसे आणि कुणाची ओळ वाकडी जातेय ते ओरडून सांगे. थोड्या दिवसांनी तेही थांबलं. रूबेन दर दोन-तीन आठवड्यांनी काहीतरी निमित्त काढून वर जाई. औषधं नेई, फळं नेई. हौशी त्याच्याशी पूर्वीसारखीच बोले आणि तेच त्याला सोसत नसे.

आश्विनात सुक्कोथचा सण आला, ज्याला त्यांच्यात जुनी माणसं खिरीचा सण म्हणतात. रूबेन आणि मिल्का ठाण्याला गेले. देवळाच्या अंगणात माडाच्या झावळ्यांचा मांडव घातलेला. त्या सणालाही मधले दिवस असतातच. त्यातल्याच एका सकाळी तेफिला आटपल्यावर माणसं पांगली आणि मांडवात हन्नोखकाका एकटे राहिले. रूबेन त्यांच्या शेजारी जाऊन बसला.

"काका, एक विचारायचं होतं. मधल्या दिवसांत हातपंप दुरुस्त करणं चालतं का?"

"कुणाचा? तुझ्या अंगणातला?"

"पाड्याचा. सगळ्यांचा."

"पाणी दुसरं नव्हतं?"

"होतं. लांब, दरीत."

हन्नोखकाका ऐंशीच्या घरात होते. ते उठले, आत गेले, जाड पुठ्ठ्याचं एक पुस्तक घेऊन आले आणि चष्मा पुसत म्हणाले, "अरे, हे काय विचारणं झालं? मधल्या दिवसांवरचं आख्खं प्रकरण सुरूच पाण्यापासून होतं. हे बघ. सुकणाऱ्या शेताला पाणी द्यावं. लोकांच्या वापरातले पाण्याचे पाट मोडले असतील तर नीट करावेत, गाळ काढावा. रस्ते नीट करावेत. लोकांच्या गरजेची सगळी कामं करावीत." त्यांनी ओळीवर बोट ठेवलं. "करावीत म्हटलंय. दाढी नको, का? तर माणसाने सणाआधीच नीटनेटकं व्हावं म्हणून. धंदा नको, का? तर सण सणासारखा जावा म्हणून. ज्याच्या घरात खायला नाही त्याला तर मजुरीसुद्धा करायची मुभा आहे. तहानेल्याला थांबवून ठेवा असं कुठंय?"

ओळीवरून नजर न काढता रूबेन म्हणाला, "पण ते आपले लोक नाहीत, काका. पाड्यावरचे."

म्हाताऱ्याने पुस्तक मिटलं. "शास्त्री माणसं त्यावर अर्धा दिवस वाद घालतील. घालू देत. तू मला फोन केला असतास तर मी म्हटलं असतं, आधी जा, पाणी काढ, मग येऊन बस, वाद घालू." मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहून ते थांबले. "काय झालं, रूबेन?"

रूबेनने सगळं सांगितलं. नळाचंसुद्धा सांगितलं. हन्नोखकाकांनी त्याला समजावलं नाही की धीर दिला नाही. फक्त एक विचारलं, "एलियाने तुला नियम सांगितला तेव्हा तू किती वर्षांचा होतास?"

"आठ-नऊ."

"आणि त्यानंतर कधी कुणाला विचारलं नाहीस."

"नाही."

परतीच्या वाटेवर रूबेन तोच विचार करत राहिला. का विचारलं नाही? फोन खिशात होता. विचारायला सांगणारी बायको समोर उभी होती. आणि जव्हारचा घाट चढता चढता त्याला स्वतःशी कबूल करावं लागलं, की काका 'कर' म्हणतील अशी त्याला कुठंतरी भीती होती. 'कर' म्हटलं असतं तर तो इतर मिस्त्रींसारखा एक मिस्त्री झाला असता. त्याला नियमापेक्षा नियमाचा माणूस म्हणवून घेणं प्यारं होतं.

दोन दिवस त्याने जेवण धड केलं नाही. तिसऱ्या दिवशी तो सूर्यमाळला गेला. भात कापणीला आलेलं होतं, घराघरांपुढं नाचणीची कणसं वाळत घातलेली. हौशी ओटीवर भिंतीला टेकून बसली होती, काठी मांडीवर आडवी. भिका दोरी वळत होता.

रूबेन उभ्यानेच म्हणाला, "वहिनी, मी ठाण्याला गेलो नव्हतो. भिकाभाऊ सोमवारी माझ्या घरी आला होता. मी घरातच होतो. मधले दिवस आहेत म्हणून मी आलो नाही."

भिकाच्या हातातली दोरी थांबली. हौशीने आधी नवऱ्याकडे पाहिलं.

"सा महिनं तू मला सांगतोस, ठान्याला गेलता."

"तुला राग येईल म्हनून..." भिका पुटपुटला.

"येईल म्हनून!" ती म्हणाली. मग रूबेनकडे वळली. "बोल. आनखी काय?"

"आता मी विचारून आलो, वहिनी. आमच्या शास्त्रात पाण्याचं काम त्या दिवसांत चालतं. लोकांच्या पाण्याचं तर करायलाच हवं असं लिहिलंय. मला ठाऊक नव्हतं. नियमात बसत होतं. मला ठाऊक असतं तर मी त्याच दिवशी..."

"आन् नसतं बसत तं?"

रूबेन ओटीच्या कडेला बसला.

"नसतं लिवलं तुज्या पोथीत, तं मंग तू बरोबर व्हतास? मंग माजा पाय बरोबर मोडला?"

ठाण्याहून निघाल्यापासून त्याने मनात जे जे जुळवलं होतं त्यात हे कुठंच नव्हतं.

हौशीचा आवाज चढला नाही. "तुजं तांदूळ मी तीन टायमाला निवडीत व्हती, मिस्त्री. डोळ्याला दिसत नाय तरी निवडीत व्हती. उन्हात बसून. एक दाना गव्हाचा जाया नको, तुजा देव कोपंल. आमाला गहू कुठं दिसतो, पन निवडीत व्हती. तुजा देव मी सांभाळला. तू माजं पानी नाय सांभाळलंस."

मग तिने काठी टेकली, भिंतीचा आधार घेत उठली आणि लंगडत आत गेली. भिका म्हणाला, "बस, चहा टाकाया सांगतो." पण आतून सुनिता काही बाहेर आली नाही, आणि थोड्या वेळाने रूबेनच उठला.

पुढच्या चैत्रात गाठोडं आलं नाही. रूबेन वाट बघत नव्हता, निदान मिल्काला तसं म्हणाला. पण पुनवेच्या आधी तीन-चार दिवस तो दुपारच्या जीपच्या वेळेला अंगणातच कुठंतरी असे. शेवटी बाजारातून तांदूळ आणले आणि दोघांनी बसून निवडले. दुसऱ्या खेपेलाच त्याची मान धरली. तिसरी मिल्काने केली.

त्या वर्षी मधल्या दिवसांच्या पहिल्याच सकाळी त्याने पेटी मोटरसायकलला बांधली. मजुरी घ्यायची नाही एवढं त्याने ठरवलं होतं. साखरशेतच्या एका पाड्यावरचा पंप केला, जामसरला दोन केले. लोकांना नवल वाटलं. जामसरला एक म्हातारा हसून म्हणाला, "मिस्त्री, तुजा सन ना? सोडलास वाटतं धरम?" बाजारातही बोलणं झालं. मिस्त्री म्हातारपणी ढिला पडला, पूर्वीचा राहिला नाही. हॉटेलवाल्याच्या कानावर गेलं तेव्हा तो म्हणे तोंडभर हसला. रूबेनने कुणालाही पुस्तकातली ओळ सांगितली नाही. सांगावीशी वाटली, एकदा ओठावरही आली होती. पण सांगून पुन्हा तेच व्हायचं होतं, मिस्त्री किती नियमाचा.

सूर्यमाळच्या पाड्यावर तो त्या दिवसांतल्या शेवटच्या दिवशी गेला. पंप चांगला चालत होता. मग त्याने सुनिताला बोलावलं. दुसरी साखळी, दोन पाने आणि ग्रीसचा डबा तिच्या स्वाधीन केला, टोपी खोलून दाखवली, तिच्याकडून तीनदा खोलून घेतली आणि लावून घेतली. पहिल्या खेपेला तिच्या बोटाची साल गेली. तिसऱ्या खेपेला तिने त्याला मागे सरायला सांगितलं. "कळलं मला, काका. हात नको लावू."

हौशी ओटीवरून बघत होती. तो निघाला तेव्हा ती म्हणाली, "बस जरा." तो बसला. तिने सुनिताला पाणी द्यायला सांगितलं. तो ते प्याला. भाताचं बोलणं झालं, नाओमीला दुसरी मुलगी झाली त्याचं झालं. तांदळाचं झालं नाही. तिने माफ केलं की नाही ते त्याने विचारलं नाही. तेवढं विचारायचा हक्क आपल्याला उरलाय असं त्याला वाटत नव्हतं.

त्यानंतर त्या पाड्यावरचा पंप दोनदा बिघडला. दोन्ही वेळा सुनितानेच केला. एकदा तर शेजारच्या पाड्यावर जाऊनही करून आली. मिस्त्रीला निरोप धाडायची वेळ आली नाही. रूबेनला हे कळलं ते मोखाड्याच्या बाजारात, भिकाकडून, महिना उलटून गेल्यावर.

"बरं झालं," तो म्हणाला.

"हां, बरं झालं," भिका म्हणाला, आणि भिकाची जीप येईपर्यंत दोघं तिथंच उभे राहिले.